लाकडी पेनावर गोफ: जडावाचं पेन घरच्या लेथवर कसं घडवावं

जडावाच्या पेनाचं, म्हणजे लाकडात दुसऱ्या लाकडाच्या किंवा धातूच्या पट्ट्या बसवून नक्षी केलेल्या पेनाचं, अवघड काम लेथ सुरू होण्याआधीच झालेलं असतं. लेथवर, म्हणजे लाकूड फिरवून कातायच्या यंत्रावर, आपण फक्त नको असलेलं लाकूड काढून टाकतो. नक्षी सरळ येणार की वाकडी, सांधा टिकणार की उन्हाळ्यात उकलणार, हे ठरतं करवतीच्या चिरेत, ठोकळ्याच्या चौरसपणात आणि डिंक वाळायला दिलेल्या वेळात. साधी लाकडी पेनं बऱ्यापैकी करणाऱ्यांचीही जडावाची पेनं बिघडतात ती याच टप्प्यांवर. म्हणून या लेखात कातण्यापेक्षा कातण्याआधीच्या कामावर जास्त लिहिलं आहे.

नमुना म्हणून मी एकच नक्षी घेतो: चार पट्ट्या एकमेकींत गुंफल्यासारख्या दिसतात ती. जगभरचे पेन कातणारे तिला केल्टिक नॉट म्हणतात. आपल्याकडच्या गोफासारखीच ती दिसते, म्हणून पुढे गोफच म्हणू. गोफ जमला की धातूची कडी, लाखेची रेघ, करवंटीचा चुरा हे सगळं त्यामानाने सोपं आहे. त्याबद्दलही शेवटाकडे सांगतो.

पेनाची भिंत किती जाड असते

बाजारात मिळणाऱ्या किटांपैकी सगळ्यात प्रचलित किट स्लिमलाइन जातीचं. त्यात पितळेच्या 7 मिमी व्यासाच्या दोन नळ्या असतात, प्रत्येकी साधारण 52–53 मिमी लांब. सोबत टोक, क्लिप, वरचं बोंड, मधली कडी, फिरवायची यंत्रणा आणि रिफिल. लाकडाच्या ठोकळ्याला 7 मिमीचं आरपार भोक पाडायचं, त्यात नळी चिकटवायची, मग बाहेरून कातायचं. टोकांना किटची धातूची अंगं बसतात, तिथे बाहेरचा व्यास साधारण 8.3 मिमी ठेवावा लागतो. म्हणजे टोकापाशी लाकडाची भिंत जेमतेम 0.6 मिमी उरते. मध्यभागी पेनाला थोडं पोट ठेवून व्यास 10.5 मिमी केला तर भिंत 1.75 मिमी होते.

हे आकडे आधी डोक्यात बसवा. 19 मिमीच्या ठोकळ्यात तुम्ही चार दिवस खपून जे जडवता, त्यातलं आतलं 7 मिमी ड्रिलने जातं, बाहेरचं पटाशीने जातं, आणि हातात उरते ती दीड-पावणेदोन मिलिमीटरची सालपटाएवढी भिंत. म्हणून गोफ नळीच्या मध्यावर, पोटाच्या जागी ठेवायचा. टोकाजवळ ठेवलात तर पट्टीचे पातळ तुकडे कातताना उडतात. आणि तो खालच्या नळीवर ठेवावा. वरच्या नळीवर क्लिप येते आणि निम्मी नक्षी झाकून टाकते.

लाकूड

मुख्य अंगाला शिसम किंवा शिसवी उत्तम. दाट, वजनदार, बारीक कातता येतं आणि हातात घेतल्यावर भरीव वाटतं. बाभूळ, खैर आणि चिंचेचा गडद गाभा हेही छान कातले जातात. सागवान दिसायला सुरेख, पण त्याची छिद्रं मोठी. नक्षीच्या बारीक कडा त्यात तितक्या धारदार दिसत नाहीत. पुण्या-मुंबईकडे जुने वाडे, जुन्या चाळी पाडल्यावर निघणारं सागवान मात्र मिळालं तर सोडू नका. पन्नास-शंभर वर्षं वाळलेल्या लाकडाइतकं स्थिर लाकूड नवीन विकत मिळत नाही. करवतीआधी त्यावरून लोहचुंबक फिरवा, आत मोडलेले खिळे असतात.

पट्टीसाठी फिकट आणि बारीक पोताचं लाकूड हवं. हेदू पिवळसर, एकसंध आणि गडद शिसवीवर फार खुलतो. काळ्या कुड्याचं लाकूड जवळपास पांढरं असतं. कर्नाटकातल्या चन्नपट्टणची लाखकामाची खेळणी त्याचीच. हे दोन्ही मिळाले नाहीत तर प्लायवुडच्या दुकानातून फिकट व्हिनियर घ्या, ते साधारण अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास जाडीचं असतं. आणखी एक सोपी वस्तू औषधांच्या दुकानात मिळते: डॉक्टर जीभ दाबून घसा बघतात ती लाकडी पट्टी. साधारण 18 मिमी रुंद आणि दीड मिलिमीटरच्या जरा वर जाड, सरळ आणि कोरडी. गोफ शिकायला याहून स्वस्त सामान नाही.

लाकडाचा कोरडेपणा हा इथला खरा प्रश्न आहे, कारण आपल्या हवेत टोकाचा फरक आहे. जुलैत रत्नागिरीत कातलेलं पेन मे महिन्यात नागपूरला गेलं की लाकूड आकसतं. आतली पितळी नळी आकसत नाही. मग लाकूड फाटतं, आणि बहुतेक वेळा जडावाच्या सांध्यावरच, कारण पट्टीची नस आणि अंगाची नस वेगवेगळ्या दिशेने जाते. म्हणून ठोकळे कापून घरातल्या कोरड्या जागी, माळ्यावर किंवा कपाटावर, काही महिने पडू द्या. स्वयंपाकघरातला वजनकाटा हाताशी असेल तर ठोकळ्यावर तारीख आणि वजन लिहून ठेवा. दोन-तीन आठवडे वजन हललं नाही की लाकूड खोलीच्या हवेशी जुळलं असं समजा. पावसाळ्यात मी ठोकळे कापून, नळ्या चिकटवून ठेवतो, पण शेवटचा व्यास आणि पॉलिश दसऱ्यानंतरच करतो.

रक्तचंदन आणि चंदन कुणी कितीही सहज देऊ केलं तरी कागदपत्रांशिवाय घेऊ नका. शिसम-शिसवीचा अख्खा वंश 2017 पासून साइट्स कराराच्या, म्हणजे दुर्मीळ वनस्पती-प्राण्यांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या कराराच्या, दुसऱ्या परिशिष्टात आहे. घरी वापरायला किंवा इथे भेट द्यायला काहीच अडचण नाही. पेनं परदेशी विकणार असाल तर त्या वेळचे निर्यात-नियम आधी विचारून घ्या.

ठोकळा चौरस करणं

खालच्या नळीसाठी 19 × 19 मिमीचा, 80 मिमी लांब ठोकळा घ्या. नळी 53 मिमीची असली तरी धरायला आणि कापायला लांबी लागते. वरच्या नळीचा ठोकळा त्याच पट्टीतून, त्याच्या शेजारचाच कापा आणि दोन्हींवर पेन्सिलने एकाच दिशेचे बाण काढा. जोडणी करताना रेषा एकीतून दुसरीत वाहत गेल्या पाहिजेत, आणि एकदा ठोकळे सुटे झाले की बाणाशिवाय ते कळत नाही.

आता व्हर्नियरने चारही बाजू मोजा. 19.0 आणि 18.6 असा फरक असेल तर रंध्याने किंवा सपाट काचेवर पॉलिश पेपर चिकटवून त्यावर घासून तो घालवा. गुण्या लावून प्रत्येक कोपरा बघा. एवढा काटेकोरपणा का, तर गोफाचे चारही छेद पेनाच्या अक्षावर एकाच बिंदूत भेटायला हवेत. आपण ठोकळा दर वेळी एक चतुर्थांश फिरवून, तेच टोक त्याच अडणीला, म्हणजे टेकायला पक्क्या लावलेल्या लाकडाला, टेकवून कापणार आहोत. ठोकळा खरा चौरस असेल तर छेद आपोआप एका बिंदूत येतात. नसेल तर प्रत्येक छेद थोडा पुढे-मागे सरकतो आणि वेढे लहान-मोठे दिसतात.

छेद आणि पट्ट्या

सुताराची 45 अंशांची खाचपेटी (करवत ठरलेल्या कोनात चालावी म्हणून खाचा असलेली पेटी) आणि बारीक दाताची, पाठीला पट्टी असलेली करवत, एवढं पुरतं. टेबल-सॉवर हे काम झटपट होतं खरं, पण एवढा लहान तुकडा हाताने धरून फिरत्या पात्यात ढकलणं धोक्याचं आहे. तसं करायचंच असेल तर तुकडा घट्ट आवळून धरणारी सरकती चौकट आधी बनवा. पहिल्या पेनांना हातकरवतच वापरा.

सगळ्यात आधी त्याच लाकडाच्या रद्दी तुकड्यात एक छेद घ्या आणि त्यात पट्टी सरकवून बघा. छेदाची रुंदी आणि पट्टीची जाडी जुळणं हा या कामाचा कणा आहे. हातकरवतीचा छेद साधारण 1 मिमी येतो, त्यात व्हिनियरचे दोन पापुद्रे एकत्र बसतात. रुंद छेद देणाऱ्या पात्याला जीभ दाबायची पट्टी जुळते. पट्टी हाताने, जोर न लावता आत गेली पाहिजे, आणि ठोकळा उलटा केला तर पडता कामा नये. फेव्हिकॉल वापरणार असाल तर किंचित सैलच ठेवा. त्यातल्या पाण्याने पातळ पट्टी फुगते आणि अर्ध्यावर अडकून बसते.

पेटीत ठोकळ्याचं एक टोक टेकायला लाकडाची अडण शिकंजाने आवळा. ज्या टोकाला टेकवणार त्यावर फुली मारा, चारही बाजूंना 1 ते 4 आकडे लिहा. अडणीची जागा अशी ठरवा की तिरका छेद अक्षाला जिथे ओलांडतो, तो बिंदू नळीच्या मध्यावर येईल. ठोकळ्यावर नळी ठेवून पेन्सिलने खूण केली की हे लगेच जमतं.

1 आकडा वर ठेवून कापा, पण आरपार नाही. तळाला साधारण 2 मिमी लाकूड जोडलेलं राहू द्या. करवतीच्या पात्यावर रंगीत टेप लावून खोलीची खूण केली की हात आपोआप थांबतो. हे 2 मिमी ठोकळ्याचे दोन भाग एका रेषेत धरून ठेवतात आणि पुढे कातताना निघून जातात. 19 मिमीतून 10.5 वर यायचं आहे, म्हणजे प्रत्येक बाजूने 4 मिमीच्या वर लाकूड जाणारच आहे.

छेदातला भुसा जुन्या टूथब्रशने काढा. शिसवी आणि सागवान तेलकट लाकडं आहेत, म्हणून चिकटवायच्या आधी त्यांच्या कापलेल्या पृष्ठावरून अॅसिटोनचा बोळा फिरवून वाळू द्या. पट्टीच्या दोन्ही अंगांना फेव्हिकॉल किंवा दोन नळ्यांचं, सावकाश घट्ट होणारं अराल्डाइट लावा आणि पट्टी तळापर्यंत सरकवा. ठोकळा सपाट फळीवर प्लॅस्टिकचा कागद घालून ठेवा आणि लांबीच्या दिशेने हलका दाब द्या. जोराने आवळलंत तर ठोकळा छेदापाशी वाकतो. पाच मिनिटांत घट्ट होणारं इपॉक्सी आणि फेव्हिक्विक इथे टाळा. पुढे ड्रिलच्या उष्णतेने हे सांधे सैल पडतात.

रात्रभर वाळल्यावर बाहेर आलेली पट्टी करवतीने कापून, मग घासून ठोकळ्याशी अगदी समतल करा. थोडी जरी उंच राहिली तरी ठोकळा पेटीत नीट टेकत नाही आणि पुढचा छेद चुकतो. मग 2 आकडा वर, तेच फुलीचं टोक अडणीला, पुन्हा छेद, पट्टी, डिंक, एक रात्र. असंच 3 आणि 4. एक गोफ म्हणजे चार रात्री, आणि चौथ्यानंतर आणखी एक पूर्ण दिवस. ही घाई करण्याची जागा नाही. दिवस घालवायचे नसतील तर पाच-सहा ठोकळे एकदम लावा, म्हणजे रोजच्या बैठकीला काम मिळतं.

शेवटचा छेद घेताना ठोकळा नाजूक झालेला असतो. करवत हलकी ठेवा, मागे ओढताना दाब सोडा.

गोफाची लांबी किती येईल हेही आधीच सांगता येतं. 45 अंशांच्या छेदात एका वेढ्याची अक्षावरची लांबी पेनाच्या व्यासाइतकीच येते. 10 मिमी जाड पेनावर 10 मिमीचा वेढा, वर पट्टीची जाडी. छेद आणखी तिरका, म्हणजे काटकोनापासून 60 अंश केलात तर तोच वेढा साधारण 17 मिमी लांब होतो आणि नक्षी सडपातळ, डौलदार दिसते. मला 60 अंशांचा गोफ अधिक आवडतो. पण त्याला खाचपेटी स्वतः बनवावी लागते, आणि पट्टीही लांब लागते.

भोक आणि नळी

आता ज्या एका कृतीवर सगळा गोफ अवलंबून आहे ती: भोक बरोबर मध्यातून जाणं. लेथवर पेन भोकाभोवती फिरतं, ठोकळ्याच्या कडांभोवती नाही. भोक एक मिलिमीटर बाजूला गेलं तर एका अंगाचे वेढे मोठे आणि समोरचे लहान येतात, मग छेद कितीही अचूक असोत. टोकावर कर्ण काढा, छेदनबिंदूवर पंचाने खळगा करा. ड्रिल प्रेस असेल तर पकड गुण्याने तपासा. लेथलाच चार जबड्यांची पकड असेल तर तिथे पाडलेलं भोक जास्त सरळ येतं.

7 मिमीचं नवीन, धारदार ड्रिल घ्या. वेग मिनिटाला हजार फेऱ्यांच्या आतच ठेवा. दर सेंटीमीटरभर खोलीला ड्रिल बाहेर काढून भुसा झटका. ठोकळा हाताला गरम लागला तर थांबा आणि गार होऊ द्या. पट्टीचे सांधे उष्णतेनेच सुटतात. दुसऱ्या टोकातून ड्रिल बाहेर काढू नका. थोडं आधीच थांबा आणि तेवढा तुकडा करवतीने कापा, म्हणजे टोकाची कड फुटत नाही. लांबी नळीपेक्षा दोन-तीन मिलिमीटर जास्त राहील अशी कापा. नळी मध्यापासून सरकली तर गोफही सरकेल, म्हणून कापण्याआधी मघाची मधली खूण पुन्हा बघा.

पितळी नळी 150 नंबरच्या पेपरने खरवडून मंद करा. तिची दोन्ही तोंडं बंद करायला कच्च्या बटाट्याची जाड चकती फार कामाची. नळी चकतीत दाबली की तोंडात बूच बसतं आणि आत डिंक जात नाही. मेणानेही जमतं. अराल्डाइट नळीला आणि थोडं भोकातही लावा, नळी गोल फिरवत आत सारा, चोवीस तास ठेवा. इथे फेव्हिक्विक वापरून वेळ वाचवणारे बरेच आहेत. नळी अर्ध्यात चिकटून बसली तर ती परत निघत नाही, आणि तेवढ्यासाठी चार दिवसांचा गोफ पणाला लावू नये.

मग बटाटा टोचून काढा आणि टोकं नळीशी समतल व नेमकी काटकोनात करा. त्यासाठी मिळणारं ट्रिमर वापरा किंवा घासायच्या चकतीवर टोक टेकवा. चकाकती पितळ दिसू लागली की थांबा. नळीच घासली गेली तर यंत्रणेची लांबी बिघडते आणि रिफिल नको तेवढी बाहेर येते.

कातणं

सैल बाह्या, ओढणी, पदर, मोकळे केस, हातमोजे, अंगठ्या, हे काहीही लेथजवळ नको. चेहऱ्यावर पूर्ण ढाल आणि नाकावर एन-95 मास्क लावा. शिसवीच्या भुशाने अनेकांना अंगावर खाज आणि दम्यासारखा त्रास होतो. लाकडाचा बारीक भुसा दीर्घकाळ श्वासात जाणं कर्करोगकारक मानलं गेलं आहे. म्हणून लेथ बंद केल्यावर लगेच मास्क काढू नका, हवेतला भुसा खाली बसायला वेळ लागतो.

दोन्ही नळ्या किटच्या बुशांसकट, म्हणजे टोकाचा व्यास दाखवणाऱ्या धातूच्या कड्यांसकट, मँड्रेलवर, म्हणजे लेथच्या लांब सळईवर, चढवा. मँड्रेलचं टोक फार आवळलं तर तो वाकतो आणि पेन लंबगोल होतं. चौकोनी कोपरे जाईपर्यंत मिनिटाला 1,500 च्या आसपास, नंतर 2,000 ते 2,500. सुरुवात गोल पटाशीने करा, हलके काप घ्या. व्यास 13–14 मिमीवर आला की गोफ दिसू लागतो. इथे लेथ थांबवून पातळ सायनोॲक्रिलेट, म्हणजे फेव्हिक्विकच्या जातीचा डिंक, गोफाच्या भागावर सोडा. तो छिद्रांत, सांध्यांत शिरून तिरक्या नसांची टोकं बांधून ठेवतो. वाळल्यावर पटाशीला धार लावूनच पुढे जा. शेवटच्या मिलिमीटरमध्ये बोथट हत्यार पट्टीचा कोपरा हमखास उडवतं.

टोकांना बुशांच्या किंचित वर, मध्ये पोट. हाताने पकडून बघत रहा. हे लिहायचं हत्यार आहे, त्यामुळे अंगठा आणि दोन बोटं जिथे येतात तिथे जाडी फार बदलू नका.

घासणं आणि रंग पसरण्याचा धोका

गडद आणि फिकट लाकूड एकत्र आलं की इथे काम नासतं. शिसवीचा काळपट भुसा हेदूच्या छिद्रांत बसतो आणि पट्टी मळकट दिसते. ती पुसायला कुणी स्पिरिट किंवा अॅसिटोन लावतं, तेव्हा शिसवीचा रंगच विरघळून पट्टीत उतरतो आणि मग तो निघत नाही. म्हणून घासण्याआधी पातळ सायनोॲक्रिलेटचे दोन हात देऊन छिद्रं बंद करा. घासणं कोरडंच, आणि प्रत्येक नंबरानंतर भुसा हवेने उडवा. पुसू नका. 240, 320, 400, 600 असे नंबर घ्या. वेग कमी ठेवा, आणि प्रत्येक नंबरानंतर लेथ थांबवून लांबीच्या दिशेने थोडं हाताने घासा, म्हणजे गोल ओरखडे उरत नाहीत.

पॉलिशचे दोन सरळ मार्ग आहेत. रोज वापरायच्या पेनाला सायनोॲक्रिलेटचा थर चांगला, कारण घाम आणि शाई त्यात शिरत नाही. कागदी टिशूवर दोन-तीन थेंब घ्या, मंद फिरत्या पेनावर एका झटक्यात फिरवा, वाळू द्या. सहा ते आठ हात पुरतात. सुती कापड मात्र कधीच वापरू नका. हा डिंक कापसाशी जोरात तापतो आणि बोट भाजतं. शिवाय फिरत्या लेथवर कापड गुंडाळलं जातं. वाफ डोळ्यांना झोंबते, खिडकी उघडी ठेवा. शेवटी 1500 ते 12000 नंबरच्या मऊ पॅडांनी पाणी लावून घासा.

दुसरा मार्ग चपडी लाखेचा, फ्रेंच पॉलिशचा. लाकडाचा स्पर्श त्यात जास्त जिवंत राहतो. गोफ असलेल्या पेनावर तो द्यायचा असेल तर छिद्रं आधी बंद केलेली हवीतच, कारण पॉलिशमध्ये स्पिरिट असतं. कधीतरी वापरायच्या, भेटीच्या पेनाला मी हाच देतो.

धातू, लाख, करवंटी

उत्तर प्रदेशात मैनपुरीला शिसमावर पितळी तार ठोकून बसवायची तारकशी चालते. तिथे खोदलेल्या खाचेत तारेची पट्टी हातोडीने उतरवतात. पेनाची दीड मिलिमीटरची भिंत तशी ठोकाठोक सोसत नाही. पण तिचा एक सोपा प्रकार लेथवर जमतो. कातून झालेल्या, पण न घासलेल्या पेनावर अरुंद पटाशीने गोल खाच पाडा. 22 गेजची पितळी तार 0.71 मिमी असते, तर खाच 0.5 मिमी खोल ठेवा. तार 120 नंबरच्या पेपरने खरवडा, खाचेत गुंडाळा, टोकं तिरकी कापून एकमेकांना भिडवा आणि पातळ सायनोॲक्रिलेट सोडा. वाळल्यावर कानशीने हलकेच समतल करा. पितळ घासताना तापतं आणि डिंक सोडतं, म्हणून थांबत थांबत. पितळेची काळी भुकटी फिकट लाकडात बसते, तेव्हा पेनावर गोफ आणि तार दोन्ही असेल तर छिद्रं बंद करण्याचा नियम दुप्पट कडक. तार पुण्यात बोहरी आळीत, मुंबईत नागदेवी स्ट्रीटच्या आसपास सहज मिळते.

लाखेची रेघ आपल्या कातारी परंपरेला सगळ्यात जवळची. चन्नपट्टणला फिरत्या लाकडावर रंगीत लाखेची कांडी दाबतात. घर्षणाने लाख वितळते आणि लाकडावर चढते. तेच पेनावर करायचं. एक मिलिमीटर रुंद, अर्धा मिलिमीटर खोल खाच पाडा, लेथ वेगात ठेवा आणि कांडीची कड खाचेत दाबा. भरली की गार होऊ द्या, वरची लाख पटाशीने समतल करा. लाख साधारण 70 अंशांच्या आसपास मऊ पडते, त्यामुळे घासताना पेन तापू देऊ नका. यावर फ्रेंच पॉलिशच शोभतं. लाल लाखेची एकच रेघ काळसर शिसवीवर घातली तर दुसरी नक्षी लागत नाही.

करवंटी कोकण-गोव्यात फुकट मिळते आणि शिसवीइतकीच कठीण असते. वाळलेली करवंटी खलबत्त्यात कुटून चाळणीने एकसारखा चुरा घ्या. तो पातळ डिंकाबरोबर फिकट लाकडाच्या गाठी-चिरांत किंवा मुद्दाम पाडलेल्या खळग्यांत भरा. थोडा उंच भरा, मग कातून समतल करा.

जोडणी

बळाने ठोकू नका. शिकंजाच्या जबड्यांना लाकडी ठोकळे लावा आणि सावकाश दाबा. खालच्या नळीच्या बारीक टोकात पेनाचं टोक बसवा. दुसऱ्या टोकातून फिरवायची यंत्रणा, पितळी बाजू आधी, आत दाबा. तिच्यावर एक खूण असते, तिथपर्यंत आलात की थांबा, रिफिल घाला आणि फिरवून बघा. टोक बाहेर येत नसेल तर केसभर आणखी दाबा. जास्त दाबली गेलेली यंत्रणा मागे काढताना जडावाची नळी फुटू शकते, म्हणून दर दाबानंतर तपासा. वरच्या नळीत क्लिप आणि बोंड बसवा. मधली कडी चढवून दोन्ही नळ्या जोडा आणि बाण आठवून रेषा जुळवा.

एक व्यवहाराची गोष्ट. स्लिमलाइनला क्रॉस-छापाची बारीक रिफिल लागते आणि ती तालुक्याच्या गावी सहसा मिळत नाही. पेन भेट देणार असाल तर दोन रिफिली सोबत द्या. किंवा पुढच्या वेळी पार्कर-छापाची रिफिल घेणारं, एकाच नळीचं किट घ्या. त्याला भोक मोठं लागतं, माप किटच्या कागदावर असतं, आणि गोफाला सलग, रुंद जागा मिळते. ठोकळाही मोठा घ्यावा लागतो, 19 ऐवजी 22 मिमीचा, म्हणजे छेदांना आणि चुकलेल्या अर्ध्या मिलिमीटरला पुरेशी जागा राहते.